आधी दिवा, मग गाडी

डहाणू रोड स्टेशनात संध्याकाळची लोकल रिकामी झाली की पूर्वेला गलका उठतो. 'आशागड, गंजाड, चारोटी!' तीन माणसांची रिक्षा सात-आठ जण घेऊन निघते. मागे दाटीवाटीने पाच-सहा, पुढे चालकाच्या दोन्ही अंगांना एकेक, मांडीवर तांदळाची पिशवी, पायाशी टोपली. दुकानांचा उजेड संपतो, दोन्ही बाजूंनी झाडे सुरू होतात, आणि इथे पुढचा दिवा लागायला हवा. अनेक गाड्यांचा तो लागतच नाही. चांदणे असले तर चालक तसाच जातो. नसले तर शेजारी बसलेला एखादा मुलगा मोबाइलचा टॉर्च लावतो आणि हात बाहेर काढून धरतो. त्या पोराच्या हातातला तो टॉर्च हाच आठ-नऊ जिवांचा हेडलाइट! चालकाला विचारा. तो शांतपणे सांगतो, 'दादा, रस्ता पाठ आहे.'

रस्ता पाठ असेल. रस्त्यावरचे माणूस पाठ नसते.

डहाणू-तलासरीच्या रस्त्यांवर रात्री कोण असते, ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. उंबरगाव, सरीगाम, वापीच्या कारखान्यांतून पाळी संपवून परतणारे कामगार, त्यांत मुलीही खूप. डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेली बाई. सायकल हातात धरून चढ चढणारा म्हातारा. गुरे. पावसाने साइडपट्टी धुऊन नेलेली असते, म्हणून ही सगळी डांबरावरून चालतात. मागून उजेड पडला की माणूस आपोआप कडेला होतो, इतकी ही सवय अंगात भिनलेली आहे. उजेडच पडला नाही तर तो बाजूला होणार कशाच्या भरवशावर? इंजिनाचा आवाज कानावर येतो, पण गाडी किती जवळ आली आणि कोणत्या अंगाने येते आहे, हे आवाजावरून कळत नाही. हेडलाइट चालकाला दिसावे म्हणून असतो, तितकाच तो चालक इतरांना दिसावा म्हणूनही असतो. ज्याला रस्ता पाठ आहे तो नेमके हेच विसरतो.

हिशेब साधा आहे. ताशी ४० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात ११ मीटर कापते. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर दाबला जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर १६-१७ मीटर गेले. ब्रेक लागून गाडी थांबेपर्यंत आणखी दहा तरी, तेही ब्रेक चांगले आणि रस्ता कोरडा असला तर. म्हणजे सत्तावीस मीटर. अमावास्येच्या रात्री गडद कपड्यातला माणूस बिनदिव्याच्या गाडीतून एवढ्या लांबून दिसतो का, हे कोणीही आपल्या दारात उभे राहून पाहावे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १०५ वा नियम सांगतो की सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयाआधी अर्ध्या तासापर्यंत, आणि उजेड अपुरा असेल तेव्हा केव्हाही, गाडीचे दिवे लागलेच पाहिजेत. उजेड अपुरा म्हणजे १५५ मीटरवरचे माणूस व वाहन स्पष्ट दिसत नाही इतका.

चालक हे मुद्दाम करतात असे आम्ही म्हणणार नाही. यांतले बहुतेक इथलेच तरुण आहेत, गाडीचा हप्ता डोक्यावर आहे. खरे दुखणे बॅटरीचे आहे. जुन्या डिझेल रिक्षेला धक्का मारला की इंजिन सुरू होते आणि मग बॅटरी मेलेली असली तरी दिवसभर चालते. सेल्फ नाही, हॉर्न नाही, दिवा नाही, पण गाडी धावते आणि पैसे मिळतात. नवी बॅटरी घ्यायची तर काही दिवसांची कमाई जाते, ती पुढच्या महिन्यावर ढकलली जाते. ज्यांची बॅटरी जेमतेम जिवंत आहे ते दिवा वाचवतात. समोरून गाडी आली की क्षणभर लावतात, ती गेली की मालवतात. बल्ब उडाला, वायर सैल झाली, काच फुटली, तर सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधून काम भागवले जाते. आणि दिवा धड असला तरी मागे एवढी माणसे कोंबल्यावर गाडीचे नाक वर उठते. उजेड रस्त्यावर पडायचा तो झाडांच्या शेंड्यांवर पडतो. समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात, रस्ता काळाच राहतो.

माणसे अशा गाडीत कोंबून बसतात, कारण एसटी वेळेला नसते. म्हणून या प्रश्नाचे एक टोक एसटीच्या डेपोत आहे. ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ या एसटी कर्मचाऱ्यांच्या संपाच्या महिन्यांत राज्यभर खेड्यापाड्यांतला प्रवासी जीप-रिक्षांकडे वळला. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे. ही सवलत चांगलीच आहे, पण सायवन, उधवा, कोचाई, उपलाट या बाजूला पाळीवरून घरी परतणाऱ्या मुलीला त्या वेळी गाडीच नसेल तर अर्ध्या तिकिटाचे तिने काय करायचे? ती पूर्ण भाडे देऊन अंधाऱ्या रिक्षात बसते. आणि याच डहाणूच्या औष्णिक वीज केंद्राची क्षमता ५०० मेगावॉट आहे. तिथली वीज मुंबईची उपनगरे उजळते. दिव्याखाली अंधार ही म्हण इथे शब्दशः खरी ठरली आहे, आणि ती आम्हाला बोचते.

२०२२ साली देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यावर मेली, महाराष्ट्रात १५,२२४. त्याच वर्षी ४ सप्टेंबरला चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. त्यानंतर देशभर मागच्या सीटच्या पट्ट्याची चर्चा झाली, महामार्गाची तपासणी झाली. ते व्हायलाच हवे होते. पण त्याच चारोटीहून आत वळणाऱ्या रस्त्यांकडे कोणी पाहिले? तिथे कोणाला धडक बसली तर त्याला कासा, डहाणू किंवा तलासरीच्या सरकारी दवाखान्यात नेतात, आणि डोक्याला मार असेल तर पुढे सिल्वासा किंवा वलसाड. तो प्रवासही रात्रीचाच असतो.

आता करायचे काय? गाडीचे पासिंग दिवसाउजेडी होते. त्या दिवशी बल्ब लागतो आणि महिन्याभरात उडतो. परिवहन कार्यालयासाठी डहाणू-तलासरी हे पालघर जिल्ह्याचे दूरचे टोक. तिथून एखादे पथक दुपारी येऊन कागद पाहून जाईल तर काहीच साधणार नाही. तपासणी अंधार पडल्यावर, स्टँडवर, माणसे बसण्याआधी व्हावी. पोलिसांनी पावती फाडून तीच गाडी पुन्हा त्याच अंधारात सोडू नये. दिवा लागत नाही ती गाडी जागेवरच थांबवावी. सोबत मेकॅनिक असावा, पेटीत बल्ब असावेत, बॅटरीसाठी पतसंस्थांनी लहान हप्त्यांत उधार द्यावे. चालकांच्या संघटनांनी हे स्वतःहून हाती घेतले तर आम्ही त्यांच्या पाठीशी उभे राहू. कामगारांची ने-आण करणाऱ्या ठेकेदारांना तर कसलीच सबब नाही; त्यांच्या गाड्यांचे दिवे पाहणे हे कारखान्याच्या फाटकावरचे काम आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील रस्ता सुरक्षा समितीने या आतल्या रस्त्यांची वेगळी नोंद ठेवावी आणि पाळी सुटायच्या वेळी एसटीच्या किती फेऱ्या आहेत, हेही आगाराला विचारावे.

आणि आपण, जे त्या गाडीत बसतो. 'उतरवून देईल, मग घरी कसे जायचे' या भीतीने सगळे गप्प बसतात. एकटा बोलला तर चालक उतरवेलही. आठही जण म्हणाले, 'आधी दिवा लाव, मग निघ,' तर तो कोणाला उतरवणार?

दिवस लहान व्हायला लागले की सहाला सूर्य बुडतो आणि साडेसहाला काळोख दाटतो. संबंधित अधिकाऱ्यांना आमची विनंती एवढीच आहे: याच आठवड्यात एका संध्याकाळी सातच्या सुमारास डहाणू रोड स्टेशनच्या पूर्वेला आणि तलासरीच्या नाक्यावर उभे राहा. सुटणाऱ्या प्रत्येक गाडीच्या दिव्याची कळ स्वतःच्या हाताने दाबून बघा. तासाभराचे काम आहे.