ई-मेलमधील टॅब व वांटणीचा हिशेब

वऱ्हाडांतील एकत्र कुटुंबांत शेताच्या वांटणीचा हिशेब हल्लीं अमरावतीहून अकोल्यास ई-मेलनें जातो. लिहिणारा नांव, कापूस, तूर असे रकाने टॅबनें पाडतो. समजा, धाकट्याच्या वांट्यास कापूस नाहीं, तूर मात्र ५ क्विंटल आहे. पत्र उघडतांच ते ५ क्विंटल कापसाखालीं दिसतात, आणि थोरल्याच्या मनांत निष्कारण किल्मिष येतें.

टॅब हें अक्षर नव्हे. ‘पुढील थांब्यापर्यंत सरक’ अशी ती आज्ञा होय. टाइपरायटरवरून ती संगणकांत आली. १९६३ च्या आस्की संकेतांत तिचा क्रमांक ९. वेबपानाच्या पद्धतीनें पत्र दाखवितांना लागोपाठचे टॅब बहुधा एकाच मोकळ्या जागेंत आटतात, व रिकामा रकाना नाहींसा होतो. कांहीं प्रोग्राम टॅबऐवजीं मोजून जागा घालतात. इंग्रजींत समान रुंदीच्या टंकांत तें निभावतें. देवनागरींत ‘र’ अरुंद, ‘क्ष’ ऐसपैस, तेथें मोजून काय साधणार? (जुन्या संस्कृत पोथ्यांत शब्दांमध्येंही बहुधा जागा सोडीत नसत, पण त्या पोथ्यांत कापसाचा हिशेब नव्हता!)

प्रोग्रामनें टॅब जसाच्या तसा पोंचवावा, व थांबे किती अंतरावर असावे हें वाचणाऱ्यास ठरवूं द्यावें. तोंवर हिशेब पत्राच्या मजकुरांत न लिहितां तक्त्याची स्वतंत्र फाईल जोडावी.