आमच्या निधीचीं चार पानें

आमच्या गल्लींत गरीब विद्यार्थ्यांकरितां एक लहानसा निधि आहे. दरसाल वीस-पंचवीस मुलामुलींची फी, वह्या-पुस्तकें आणि दोन-चार जणांच्या खाणावळीचें बिल, एवढाच त्याचा संसार. अशा निधीस संकेतस्थळ कशास हवें, असें आम्हांसही वाटत असे. परंतु २०१९ च्या ऑगस्टांत पंचगंगेचें पाणी शहरांत शिरलें, चिटणिसांच्या घरीं कीर्द-खतावणी भिजली, आणि त्याच आठवड्यांत परगांवीं असलेल्या मंडळींचे फोन येऊं लागले कीं, पैसे कोठें पाठवावे? जो तो आपणांस आलेला खातेक्रमांक पुढें पाठवीत होता. त्यांत आमचा खरा कोणता, हें पाहावयास एकही ठिकाण नव्हतें.

पहिला प्रयत्न फसला. एका गृहस्थांनीं काम अंगावर घेतलें, पैसे घेतले, स्थळही सुरेख दिसूं लागलें. दोन वर्षांनीं तें एकाएकीं नाहींसें झालें. चौकशी करतां कळलें कीं, स्थळाचें नांव त्यांनीं स्वतःच्या नांवें घेतलें होतें आणि मुदत संपल्यावर भाडें भरलें नव्हतें. हें नांव विकत मिळत नसतें. तें मुदतीनें भाड्यानें मिळतें, ही गोष्ट आम्हां पंचांपैकीं एकासही ठाऊक नव्हती. देवस्थानची जमीन पुजाऱ्याच्या नांवें लिहून द्यावी, तसला हा प्रकार! १९५० च्या विश्वस्त कायद्याखालीं निधीची रीतसर नोंद करणारे आम्ही; पण येथें मात्र डोळे मिटून बसलों.

दुसऱ्या खेपेस मीं व माझ्या नातवानें तें काम घरींच केलें. "आजोबा, आधीं कागदावर लिहा," असें तो म्हणाला, आणि तेंच शहाणपणाचें ठरलें. आम्ही कोण व आमचा नोंदणी क्रमांक काय. गतवर्षीं काय केलें व जमाखर्च किती. मदत कशी पाठवावी. पत्ता व फोन. एवढ्यांत चार पानें झालीं. वर्डप्रेस नांवाचें साधन २००३ पासून फुकट मिळतें व तें उत्तमही आहे. परंतु त्याची डागडुजी वेळोवेळीं करावी लागते, नाहींतर कुलूप न लावलेल्या वाड्याप्रमाणें चोर आंत शिरतात. आमच्याकडे रोज झाडलोट करणारा कोण आहे? म्हणून साधीं, स्थिर पानें केलीं व तीं विनामूल्य जागेवर ठेविलीं. खर्च काय तो नांवाच्या भाड्याचा, सालीना सुमारें हजार रुपये. नांव निधीच्या नांवें घेतलें आणि त्याची किल्ली तिघां विश्वस्तांकडे लेखी दिली. देवनागरी नांव, शेवटीं 'भारत' असें, २०१४ पासून घेतां येतें. मन तिकडे फार ओढ घेत होतें. पण वृद्ध देणगीदारांस फोनवर तें टंकतां येईना, सबब रोमन पत्करलें.

खरी मेहनत पुढेंच होती. आमचे जुने अहवाल छापखान्यांत जुन्या टंकांनीं जुळविलेले. ते पानावर चढवितांच अक्षरांचा नुसता चुराडा दिसूं लागला. युनिकोडांत १९९१ पासून देवनागरीस हक्काची जागा आहे, पण हे जुने टंक त्याबाहेरचे. सबब सहा वर्षांचे अहवाल मीं पुन्हां टंकिले. त्यांत एके ठिकाणीं आमच्या वार्षिक सभेस आलेल्या आचार्यांचा उल्लेख 'आचाऱ्यांचा सत्कार' असा झाला! एका रेफाच्या फरकानें विद्वान गृहस्थ चुलीपाशीं गेले. तें वेळींच दिसलें म्हणून बरें.

वाद झाला तो छायाचित्रांवरून. तरुण सभासदांचें म्हणणें, मुलांचे चेहरे दिसले म्हणजे हात सैल सुटतात. तें खोटें नाहीं. पण माझे वडील ह्याच शहरांत वार लावून जेवून शिकले. राजर्षि शाहू महाराजांनीं १९०१ सालीं मराठा बोर्डिंग काढलें, मागोमाग इतर वसतिगृहें झालीं, तरी वारकरी विद्यार्थी पुढें पुष्कळ वर्षें होतेच. शुक्रवारच्या घरची मुलें त्यांच्याच वर्गांत होतीं. त्या दिवशीं शाळेंत आपण मान वर करीत नसूं, एवढेंच ते सांगत. पुढें बोलत नसत. वाराचा दिवस निदान संध्याकाळीं संपे. संकेतस्थळावरचें चित्र संपत नाहीं. ज्या मुलीची फी आज भरली, तिच्या सोयरिकीच्या वेळीं तें कोणीही उघडील. अखेर किती जणांस किती रुपये, एवढेंच द्यावें असें ठरलें. एक सभासद अजूनही नाराज आहेत.

परदेशस्थ आप्तांविषयीं एक सूचना पानावर मुद्दाम ठळक घातली आहे. २०१० च्या कायद्याप्रमाणें वेगळी नोंदणी असल्यावांचून परकी देणगी घेतां येत नाहीं. मुलगा अमेरिकेंत असला तरी भारतीय नागरिक असेल, तर त्यानें स्वतःच्या बचतींतून बँकेमार्फत पाठविलेली रक्कम चालते. तेथील नागरिकत्व घेतलें असेल तर नाहीं, मग तो आपल्या पोटचा कां असेना. आमच्या एका भाच्याची देणगी आम्हांस परत करावी लागली. त्याच्या आईस तें अद्याप पटलेलें नाहीं.

पानें सुरू होऊन पंधरवडा झाला असेल. इचलकरंजीहून एका गृहस्थांचा फोन आला. पूर्वीं आपण निधीचे विद्यार्थी होतों, असें ते म्हणाले. देणगीची गोष्ट निघेल असें मला वाटलें. पण "गुरुजी, जमाखर्चाच्या बेरजेंत चाळीस रुपयांची चूक आहे," एवढेंच त्यांनीं सांगितलें. पाहतों तों खरेंच! त्याच रात्रीं नातवास बसवून बेरीज दुरुस्त केली.