जुनी दुनळी बंदूक : परवान्याचा क्रमांक जुळला, पण खटका जागेवर आहे का?

रानडुक्कर, वानर आणि गव्यांच्या उपद्रवाची चर्चा निघाली की कोकणात व सह्याद्रीच्या पट्ट्यात शेतीसंरक्षणाच्या बंदुकीचा विषय येतोच. परवाना वेळेत का मिळत नाही, ऐन हंगामात निवडणूक लागली की बंदुका जमा का करायच्या, यावर भरपूर बोलले जाते. मात्र घरात आधीपासून असलेल्या बंदुका यांत्रिकदृष्ट्या कितपत सुरक्षित आहेत, हा प्रश्न मागेच राहतो.

शस्त्र नियम २०१६ नुसार परवानाधारकाच्या मृत्यूनंतर, किंवा त्याचे वय ७० झाल्यावर अथवा बंदूक २५ वर्षे बाळगल्यावर, ती वारसाला परवाना मिळवून आपल्या नावे करता येते. त्यामुळे आजोबांची बंदूक नातवाकडे येते. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत ३ वर्षांवरून ५ वर्षे झाली. कागद नवा होतो, बंदूक जुनीच राहते. आपण फवारणी पंपाचे वॉशर हंगामापूर्वी तपासतो, पण बंदुकीची आतली यंत्रणा वर्षानुवर्षे उघडलीही जात नाही.

चाप न ओढता बार कसा उडतो?

दुनळी बंदुकीत प्रत्येक नळीसाठी स्वतंत्र घोडा असतो. स्प्रिंगच्या ताणाखालचा हा घोडा एका लहान खिटीवर अडकलेला असतो. खिटीचे टोक घोड्याच्या खाचेत बसते आणि चाप ओढला की ते सुटते. ही पकड फार थोड्या धातूवर असते. झीज, गंज, घट्ट झालेले जुने तेल किंवा चाप हलका करण्यासाठी कोणी मारलेली कानस यामुळे ती आणखी कमी होते. मग बंदूक पडली, दस्ता दगडावर आपटला किंवा नळ्या जोरात बंद केल्या, तरी घोडा सुटू शकतो.

बहुतेक शेतकऱ्यांचा गैरसमज सेफ्टीबद्दल आहे. घोडे आत असलेल्या बहुतेक दुनळी बंदुकांची सेफ्टी फक्त चाप अडवते, घोडा अडवत नाही. सेफ्टी लावलेली असतानाही झिजलेली खिटी धक्क्याने सुटली तर बार उडतो. घसरलेला घोडा मध्येच झेलणारी जादा खिटी काही महागड्या बंदुकांत असते, सर्वांत नसते.

घोडे बाहेर असलेल्या बंदुकांचा धोका वेगळा आहे. काही जुन्या प्रकारांत पाडलेला घोडा थेट फायरिंग पिनवर टेकून राहतो. नळीत काडतूस असेल तर घोड्यावर बसलेला फटकाही पुरेसा होतो. घोडा चढवताना किंवा हळू उतरवताना ओला अंगठा निसटणे, हेही अपघाताचे कारण ठरते.

एका चापावर दोन्ही बार उडाले तर तो बंदुकीचा जोर समजू नये. पहिल्या बाराच्या धक्क्याने दुसरी खिटी सुटली असण्याची शक्यता असते. अशी बंदूक त्याच क्षणी वापरातून काढावी.

ही लक्षणे दिसल्यास वापर थांबवा

• चाप पूर्वीपेक्षा हलका लागणे किंवा दोन चापांच्या ओढीत मोठा फरक पडणे.
• सेफ्टी ढिली होणे, आपोआप पुढे सरकणे.
• बंद केलेल्या नळ्या हलणे किंवा मागच्या बाजूला फट दिसणे.
• नळीत खड्डे, फुगवटा किंवा पोचा असणे.

घरी आपटून चाचणी घेऊ नये. परवानाधारक बंदूक दुरुस्ती करणाऱ्याकडे डमी काडतुसांवर तपासणी करून घ्यावी. गावातल्या लोहाराकडे किंवा वेल्डिंगवाल्याकडे दुरुस्ती करणे धोक्याचे आहे. शिवाय शस्त्र अधिनियम १९५९ नुसार दुरुस्तीसाठीही परवाना लागतो.

काडतुसाची चूक

काही जुन्या १२ बोअर बंदुकांचा कक्ष २.५ इंचांचा असतो. त्यात २.७५ इंची काडतूस सहज बसते, पण उडाल्यावर त्याचे टोक पुढे उलगडते आणि दाब वाढतो. कक्षाची लांबी मोजून घ्यावी. २० बोअरचे काडतूस १२ बोअरच्या नळीत पुढे सरकून अडकते. त्यामागे १२ बोअरचे भरून बार काढला तर नळी फुटते. भरण्यापूर्वी नळीतून उजेड पाहावा. पावसाळ्यात कुंभारीण माशी नळीत मातीचे घर करते, चिखलही अडकतो.

राखणीच्या वेळी

• बांध, कुंपण, ओढा ओलांडताना आणि माचावर चढताना काडतुसे काढून नळ्या उघड्या ठेवाव्यात.
• वाहनात व घरात भरलेली बंदूक नसावी. काडतुसे वेगळी, कुलपात ठेवावीत.
• बार फुसका गेला तर नळी सुरक्षित दिशेला धरून किमान ३० सेकंद थांबावे, मगच उघडावी.
• पावसात भिजल्यास पुसून, पातळ तेलाचा हात देऊन ठेवावी.

बंदूक हा एकच उपाय नाही

बंदुकीचा परवाना म्हणजे वन्यप्राणी मारण्याची परवानगी नव्हे. रानडुक्कर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची २ मध्ये आहे, त्यासाठी वनविभागाची स्वतंत्र लेखी परवानगी लागते. गवा अनुसूची १ मध्ये आहे. नुकसान झाल्यास पंचनामा करून वनविभागाकडे भरपाईचा अर्ज करावा. सौर कुंपण आणि सामूहिक राखण यांचाही खर्च मांडून पाहावा.

कृषी सहायकांनी हंगामपूर्व सभेत पीक संरक्षणाबरोबर बंदुकीच्या तपासणीचा विषय जरूर घ्यावा. डुकराने उकरलेले भात पुढच्या वर्षी पुन्हा लावता येते. माचाखाली उभ्या असलेल्या माणसाला लागलेला बार मात्र परत घेता येत नाही. दुरुस्ती होण्यासारखी नसेल, तर बंदूक परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात रीतसर जमा करणेच शहाणपणाचे आहे, मग ती आजोबांची आठवण का असेना.