शब्दाचीही उगवण तपासावी



पेरणीआधी आपण सोयाबीनची उगवण तपासतो. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची आणि आठवडाभराने मोड मोजायचे. सत्तर किंवा त्याहून जास्त उगवले तर बी पेरणीयोग्य. पिशवीवर काय छापले आहे यावर आपण भागवत नाही. आज अशाच एका चाचणीबद्दल बोलायचे आहे. पण ती बियाण्याची नाही, शब्दाची आहे.

झाले असे. माझ्या भागातल्या एका अण्णांचा मुलगा अमेरिकेत नोकरीला आहे. तो सुट्टीवर आला तेव्हा ओट्यावर गप्पा रंगल्या. तो म्हणाला, "तिकडे निवडणूक आली, की गाडीतल्या रेडिओवर एकच पालुपद असते. या मध्यावधीला चुकाल, तर देशात समाजवाद येईल!" अण्णा माझ्याकडे वळले. "साहेब, समाजवादी हा शब्द तर आपल्या घटनेत आहे. मग तिकडे त्याचा बागुलबुवा कशाला?"

अण्णांचा प्रश्न रास्त होता. 1976 सालच्या 42 व्या दुरुस्तीने हा शब्द आपल्या घटनेच्या उद्देशिकेत आला. आपल्याला तो ओळखीचा, तर तिकडे अनेकांना तो ऐकताच धडकी भरते. असे का, ते क्रमाने पाहू.

आधी 'मध्यावधी'चा अर्थ. आपल्याकडे सरकार पडले, की मुदतीआधी होते ती मध्यावधी. अमेरिकेत तसे नाही. तिथे अध्यक्ष चार वर्षांसाठी निवडला जातो आणि बरोबर मध्ये, दोन वर्षांनी, प्रतिनिधी सभागृहाच्या सर्व 435 जागांसाठी व सिनेटच्या सुमारे एक तृतीयांश जागांसाठी ठरलेली निवडणूक होते. अध्यक्षाचे नाव मतपत्रिकेवर नसते, पण कौल त्याच्या कारभारावर असतो. 1934, 1998 आणि 2002 ही वर्षे सोडली, तर तेव्हापासून 2022 पर्यंतच्या प्रत्येक मध्यावधीत अध्यक्षाच्या पक्षाने प्रतिनिधी सभागृहात जागा गमावल्या. मतदान नोव्हेंबरातल्या मंगळवारी होते, आणि ही वेळ शेतकऱ्यांच्या सोयीने ठरली होती. तोवर सुगी आटोपलेली, कडक थंडीला अवकाश. रविवारी चर्च, सोमवारी घोडागाडीने तालुक्याच्या गावी पोचायचे आणि मंगळवारी मत द्यायचे.

आता रेडिओ. आपल्या पिढीचा रेडिओ म्हणजे सरकारी आकाशवाणी. अमेरिकेत मात्र बहुतेक केंद्रे खासगी, जाहिरातींवर चालणारी. 1949 पासून तिथे एक नियम होता. वादाच्या सार्वजनिक प्रश्नावर केंद्राने वेगवेगळ्या बाजू ऐकवाव्यात. 1987 मध्ये तो नियम रद्द झाला. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट 1988 मध्ये, रश लिंबॉ या मिसुरी राज्यातल्या गृहस्थांचा कार्यक्रम देशभर सुरू झाला. आठवड्याचे पाच दिवस, रोज तीन तास. स्वतः बोलायचे, श्रोत्यांचे फोन घ्यायचे, विरोधकांची टर उडवायची. पुढे सहाशेहून अधिक केंद्रे हा कार्यक्रम देऊ लागली. ट्रॅक्टरवर, ट्रकमध्ये, दुकानात लोक तो ऐकत. मोठ्या शहरांतली वर्तमानपत्रे आपल्याला विचारीत नाहीत, हा माणूस मात्र आपल्या मनातले बोलतो, असे त्यांना वाटे.

1994 च्या मध्यावधीत रिपब्लिकन पक्षाच्या 54 जागा वाढल्या आणि 40 वर्षांनी प्रतिनिधी सभागृह त्या पक्षाच्या हाती आले. निवडून आलेल्या नव्या सदस्यांनी लिंबॉ यांना आपले मानद सदस्य करून घेतले! रेडिओची ताकद केवढी, ते यावरून कळावे. पुढे 2010 मध्ये, अध्यक्ष ओबामांच्या आरोग्यविमा कायद्यानंतरच्या मध्यावधीत, त्याच पक्षाच्या 63 जागा वाढल्या. त्या वेळीही अशा कार्यक्रमांतून 'समाजवाद' हाच शब्द घुमत होता. लिंबॉ 2021 मध्ये वारले, पण त्यांच्या वळणाचे वक्ते मागे पुष्कळ राहिले.

ही भीती पोकळ आहे का? सर्वस्वी नाही. रशियात 1929 नंतर सरकारने शेतकऱ्यांच्या जमिनी आणि गुरे सामूहिक शेतात ओढली, धान्य सक्तीने उचलले. 1932-33 मध्ये युक्रेनसारख्या सुपीक मुलखात लाखो माणसे भुकेने मेली. ज्याच्या नावावर सातबारा आहे, त्याला हे ऐकून कापरे भरले तर नवल नाही. तेव्हा रेडिओवरचा वक्ता हा इतिहास सांगतो तेवढ्यापुरता खरेच सांगतो.

पण तोच शब्द आणखी कशाकशाला लावला गेला, तेही पाहा.

1935 मध्ये अमेरिकेत शंभर शेतघरांपैकी जेमतेम दहा घरांत वीज होती. खासगी कंपन्यांना खेड्यात तारा ओढणे परवडत नव्हते. रुझवेल्ट सरकारने स्वस्त कर्ज दिले, शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढल्या आणि वीस वर्षांच्या आत नव्वदांहून जास्त घरांत दिवे लागले. विरोधकांनी यालाही समाजवाद म्हटले. आपल्या श्रीरामपूरकडची मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था 1970 च्या सुमारास याच नमुन्यावर उभी राहिली. 2011 मध्ये तिचे काम महावितरणकडे गेले.

नॉर्थ डकोटा हे गव्हाचे राज्य. गव्हाची प्रत आणि भाव बाहेरचे व्यापारी ठरवीत, व्याज बाहेरच्या बँका लावीत. चिडलेल्या शेतकऱ्यांनी 1915 मध्ये संघटना बांधली, राज्याची सत्ता मिळवली, आणि 1919 मध्ये राज्याच्या मालकीची बँक काढली. 1922 मध्ये राज्याची पीठगिरणी सुरू झाली. 'हे समाजवादी!' म्हणून ओरड झालीच. आज ते राज्य रिपब्लिकन पक्षाला भरभरून मते देते, आणि ती बँक व ती गिरणी अजून चालू आहेत. कोणी बंद करा म्हटले, तर तिथले शेतकरीच आडवे येतील असे मला वाटते.

1961 मध्ये रोनाल्ड रेगन यांनी वृद्धांच्या सरकारी आरोग्यविम्याविरुद्ध एक ध्वनिमुद्रिका काढली होती. हा समाजवादाचा मागचा दरवाजा आहे, असा तिचा रोख. 1965 मध्ये ती योजना आली. पुढे रेगन आठ वर्षे अध्यक्ष होते, पण योजना बंद झाली नाही.

आता अलीकडचे. 2018 मध्ये व्यापारी भांडणात चीनने अमेरिकी सोयाबीनवर 25 टक्के जादा कर लावला. भाव पडले. ट्रम्प सरकारने शेतकऱ्यांसाठी 12 अब्ज डॉलरपर्यंतची मदत जाहीर केली. त्याच वर्षी ऑक्टोबरात, मध्यावधीच्या तोंडावर, अध्यक्षांच्या आर्थिक सल्लागारांनी समाजवादाच्या दुष्परिणामांवर जाडजूड अहवाल काढला. समोरच्या बाजूला बर्नी सँडर्स यांच्यासारखे नेते स्वतःला उघडपणे लोकशाही समाजवादी म्हणवत होते. पण त्यांची मागणी सर्वांना सरकारी आरोग्यविमा आणि सरकारी महाविद्यालयांत मोफत शिक्षण, अशी होती. सामूहिक शेतीची नव्हती. सरकारी तिजोरीतून शेतकऱ्याला दिली ती 'मदत', आणि आजाऱ्याला दिला तर तो 'समाजवाद'. असे का, हे विचारायला नको का? मदत चूक होती असे मी म्हणत नाही. भाव पडल्यावर काय होते, ते आपल्याला कोणी शिकवायला नको.

तेव्हा मंडळी, मोठा शब्द कानावर आला, की त्याचे शंभर दाणे गोणपाटावर मांडा आणि चार प्रश्न विचारा. सरकार नेमके कोणते काम हाती घेणार? पैसा कोण भरणार आणि लाभ कोणाला? माझी जमीन आणि माझा माल विकायचा निर्णय माझ्याच हाती राहणार का? आणि चौथा, बोलणाऱ्याचे पोट कशावर चालते? श्रोता चिडून उद्या पुन्हा रेडिओ लावतो आणि त्यावर जाहिराती मिळतात, असे असेल, तर त्याला आपण शांत व्हावे असे कशाला वाटेल?

ही चाचणी दोन्ही बाजूंना लावायची. 'समाजवाद' म्हणून घाबरवणाऱ्याला आणि 'समाजवाद' म्हणून भुलवणाऱ्यालाही. आणि आपल्या घरातल्या मोबाइलवर दिवसभर येणाऱ्या भाषणांना तर आधी.

हे सगळे ऐकून अण्णा म्हणाले, "म्हणजे साहेब, पिशवीवर नाव एकच, आत बी निरनिराळे." मग मुलाकडे वळून म्हणाले, "तू परत गेलास की रेडिओ ऐक, पण पिशवी फोडून बघत जा."

पुढच्या अंकात सोयाबीनच्या बीजप्रक्रियेबद्दल बोलू. तोवर घरच्या बियाण्याची उगवण तपासून ठेवा.