एका वर्षात बी.ए.? थांबा, आधी हे वाचा!

गेल्या महिन्यात बचत गटाची मीटिंग संपली, सगळ्या जणी उठल्या, पण एक मैत्रीण बसूनच राहिली. पिशवीतून तिनं एक पाकीट काढलं. आत चकचकीत कागदावर छापलेली मार्कशीट. "ताई, ही खरी आहे का हो?"

बारावी झाली, लग्न झालं आणि शिक्षण तिथंच थांबलं. वीस वर्षांनी नोकरीच्या जाहिरातीत 'पदवीधर' हा शब्द वाचला आणि तिनं तालुक्याच्या गावातल्या एका 'स्टडी सेंटर'मध्ये तीस हजार रुपये भरले. "एका वर्षात बी.ए., घरबसल्या, परीक्षेचं टेन्शन नाही." अर्जाच्या तपासणीत ती पदवी टिकली नाही. विद्यापीठ दुसऱ्याच राज्यातलं, आणि तिथं हिचं नावच नाही. पैसे गटाचं कर्ज काढून भरलेले. नवऱ्याला अजून काही सांगितलेलं नाही.

तिला हावरट म्हणायला माझी जीभ रेटत नाही. माझं स्वतःचं बी.ए. लग्नानंतर, पोळ्या लाटता लाटता पूर्ण झालं. 'आता या वयात कसलं कॉलेज?' हे वाक्य मीही ऐकलंय. बाईला शिकायचं असतं, पण कुणाला कळू न देता, पटकन उरकायचं असतं. नेमकी हीच घाई विकणारे दुकान मांडून बसलेत.

मग ऑनलाइन पदवी म्हणजे सगळी फसवणूकच का? अजिबात नाही. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८७ पासून आणि नाशिकचं आपलं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून घरबसल्या शिकवतंय. विद्यापीठ अनुदान आयोगानं, म्हणजे यूजीसीनं, २०२० साली दूरशिक्षण आणि ऑनलाइन शिक्षणाचे नवे नियम केले. मान्यताप्राप्त विद्यापीठाची अशी पदवी नेहमीच्या कॉलेजच्या पदवीइतकीच धरली जाईल, हेही २०२२ मध्ये स्पष्ट केलं. तेव्हा प्रश्न पदवी ऑनलाइन आहे की नाही हा नाहीच. ती देणाऱ्याला ती द्यायचा अधिकार आहे का, हा आहे.

हे तपासायचं कसं? यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या, म्हणजे 'डेब'च्या, वेबसाईटवर मान्यतेची यादी असते. त्यात नुसतं विद्यापीठाचं नाव बघून थांबू नका. आपला अभ्यासक्रम आणि आपण प्रवेश घेतोय ते वर्ष, दोन्ही तिथं हवं. एकाच विद्यापीठाच्या बी.ए.ला मान्यता असते आणि दुसऱ्या कोर्सला नसते. २०२४ पासून अशा प्रवेशासाठी विद्यार्थ्याला स्वतःचा 'डेब आयडी' काढावा लागतो. "त्याची काही गरज नाही" असं कुणी म्हणालं, तर पर्स उचला आणि घरी या. फ्रँचायझी देऊन पदव्या वाटायला परवानगी नाही. राज्याच्या विद्यापीठाला आपल्या राज्याबाहेर दूरशिक्षणाची केंद्रंही काढता येत नाहीत. फी भरायची ती विद्यापीठाच्याच खात्यात, एजंटच्या हातात नाही.

आणखी एक. नर्सिंग, फार्मसी, इंजिनीअरिंग, वकिली यांच्या पदव्या या मार्गानं मिळत नाहीत. पत्रद्वारा इंजिनीअरिंगच्या पदव्या देणाऱ्या चार अभिमत विद्यापीठांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २०१७ साली निकाल लागला आणि वर्षानुवर्षं नोकरी करणाऱ्यांच्या पदव्यांवर गदा आली. चूक संस्थांची, पण भोगलं विद्यार्थ्यांनी!

आता घाईविषयी. पदवी लवकर मिळवायचा खरा रस्ता आहे का? आहे, पण तो फार जवळचा नाही. २०२५ मध्ये यूजीसीनं वेगवान पदवीची सोय आणली. पहिल्या किंवा दुसऱ्या सत्राच्या शेवटी, प्रगती बघून, काही विद्यार्थ्यांना जादा विषय घेऊ देतात. असे विद्यार्थी मंजूर जागांच्या दहा टक्क्यांपर्यंतच. त्यातून तीन वर्षांची पदवी फार तर एक सत्र आधी, म्हणजे अडीच वर्षांत होते. आपल्या विद्यापीठानं ही सोय ठेवली आहे का, तेही आधी विचारावं लागतं. अडीच वर्षं कुठं आणि "एका वर्षात बी.ए." कुठं!

दुसरी सोय २०२१ पासूनच्या 'क्रेडिट बँके'ची. शिकलेल्या विषयांची क्रेडिट्स तिथं जमा राहतात, शिक्षण मध्येच सुटलं तरी नंतर पुढं चालू करता येतं. पण साधारण सात वर्षंच ती ग्राह्य धरतात. म्हणजे पंचवीस वर्षांपूर्वी एस.वाय.ला कॉलेज सोडलेल्या माझ्या मैत्रिणीला तिचा उपयोग नाही. सगळ्यात जास्त घाई जिला असते, तिच्याचसाठी या नव्या व्यवस्थेत सवलत सगळ्यात कमी आहे. त्यात माहिती बहुतेक इंग्रजीत, आणि घरातला मोबाईल मुलाच्या हातात. मग एजंटचं फावतं, कारण तो मराठीत बोलतो आणि दारापर्यंत येतो. प्रत्येक तालुक्यात, निदान ग्रामपंचायतीत, ही यादी बघून सांगणारं एक माणूस बसवायला सरकारला किती खर्च येईल?

तोवर हे काम आपणच करू या. आमच्या गटानं ठरवलंय, शिक्षणासाठी कर्ज मागणाऱ्या बाईला चेक देण्याआधी दोघी जणींनी तिच्यासोबत बसून ती यादी बघायची. आणि घरात कॉलेजला जाणारी मुलगी असेल, तर लग्नाची बोलणी सुरू होण्याआधी तिचं क्रेडिट खातं उघडलंय ना, ते विचारा. उद्या शिक्षण सुटलंच, तर तिला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायला लागू नये.

माझ्या त्या मैत्रिणीनं आता मुक्त विद्यापीठाची चौकशी केली आहे. तीन वर्षं लागतील म्हणाली, पंचेचाळिशी येईल. मी म्हटलं, अगं, पंचेचाळिशी तर तशीही येणारच आहे. हातात खरी पदवी घेऊन आलेली काय वाईट?