दिवेलागणीला अडखळणारे मूल

‘गाजर खा, म्हणजे चष्मा जाईल’ हा सल्ला घरोघरी दिला जातो. चष्म्याचा नंबर हा डोळ्याच्या ठेवणीचा प्रश्न आहे, तो गाजराने उतरत नाही. ‘अ’ जीवनसत्त्वाचे काम वेगळे. अंधुक उजेडात पाहणाऱ्या दृष्टिपटलातील पेशींना रोडोप्सिन हे द्रव्य लागते आणि ते ‘अ’ जीवनसत्त्वावाचून तयार होत नाही. ते कमी पडले की दिवसभर नीट खेळणारे मूल दिवेलागणीला उंबऱ्याला अडखळते, ताटातली वाटी चाचपडते. घरचे म्हणतात, ‘वेंधळाच आहे!’ पण हा रातांधळेपणा असू शकतो. पुढे डोळ्याचा पांढरा भाग कोरडा पडतो, त्यावर साबणाच्या फेसासारखा ठिपका दिसतो. इथपर्यंत उपचाराने नजर वाचते. बुबुळ मऊ पडून फुटले, तर मात्र ती परत येत नाही. कुपोषित मुलात गोवरानंतर हे फार झपाट्याने घडते.

प्रश्न डोळ्यांपुरता नाही. श्वसनमार्ग व आतड्यांचे अस्तर निरोगी राहण्यासही हे जीवनसत्त्व लागते. इंडोनेशियात डॉ. आल्फ्रेड सॉमर व सहकाऱ्यांच्या पाहणीत (१९८६) डोस मिळालेल्या मुलांत मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळले. उत्तर प्रदेशातल्या मोठ्या पाहणीत (२०१३) एवढा फरक दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. म्हणून डोस घेतला की आहाराकडे पाहायला नको, असे समजू नये.

सरकारी कार्यक्रमात नवव्या महिन्यात एक लाख युनिट, पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी दोन लाख, असे एकूण नऊ डोस मोफत मिळतात. पहिला गोवराच्या लसीबरोबर होऊन जातो. त्यानंतर कार्ड ट्रंकेत जाते आणि उरलेले डोस राहतात, ही आपली जुनी खोड. उलट काहीजण दुकानातून गोळ्या आणून मनानेच घेतात. हे जीवनसत्त्व यकृतात साठते, जास्त झाले तर बाधते. गरोदर स्त्रीने तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मोठी मात्रा मुळीच घेऊ नये, गर्भात व्यंग येऊ शकते.

आहाराचे म्हणाल, तर परसातल्या शेवग्याच्या शेंगा आपण आमटीत टाकतो आणि पाला शेळीपुढे! त्या पाल्याची, मेथीची, राजगिऱ्याची भाजी चमचाभर तेलात परतावी. स्निग्धाशिवाय त्यातला उपयोगी अंश अंगी लागत नाही. पिकला आंबा, पपई, लाल भोपळाही चालेल. परवडत असेल तर अंडे द्यावे.

आणि संध्याकाळी अडखळणाऱ्या मुलाला चष्म्याच्या दुकानात नव्हे, प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. जाताना ट्रंकेतले कार्ड बरोबर घ्यावे.