वह्यांचे तीन संच आणि शाळेबाहेरची मुलगी

जून उजाडला की आपल्या मोहल्ल्यांत वह्यावाटप सुरू होते. एका ट्रस्टचा मंडप मशिदीशेजारी, दुसऱ्याचा चौकात, तिसऱ्याचा शाळेच्या पटांगणात. एकाच मुलाच्या घरी तीन-तीन संच जातात. ज्या मुलीने आठवीनंतर शाळा सोडली, तिच्या दारात मात्र कोणी जात नाही. तिथे फोटो निघत नाही ना!

ती शाळा का सोडते? 'समाजच मागास' असे बाहेरचे म्हणतात. 'सरकारच भेदभाव करते' असे आपण म्हणतो. दोघेही उत्तर देऊन मोकळे. वर्गात उभे राहून पाहिले तर कारणे गुंतलेली दिसतात. बऱ्याच ठिकाणी उर्दू शाळा सातवी-आठवीपर्यंतच असते. पुढे लांब जायचे किंवा मराठी माध्यमात बसायचे, आणि मराठी तर कच्ची. वाटेची भीती. घरात धाकटी भावंडे. अब्बांचे काम रोजंदारीचे. शिक्षण हक्क कायद्याची हमीही १४ वर्षांपर्यंतच. यातली एक गाठ सोडवून भागत नाही, आणि सगळ्या गाठी एकट्या ट्रस्टला सुटत नाहीत.

'आमचे प्रश्न आम्हीच सोडवू, बाहेरच्यांना कशाला?' हे वाक्य प्रत्येक बैठकीत ऐकू येते. त्यांना मी भिवंडीची आठवण देईन. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी हे शहर होरपळले होते. नंतर पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला कमिट्या बांधल्या. हिंदू, मुस्लिम आणि पोलीस एकत्र बसू लागले, तेही शांततेच्या दिवसांत, रोजच्या बारीकसारीक भांडणांसाठी. १९९२-९३ मध्ये शेजारची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. आग लागल्यावर विहीर खणायची नसते, हे त्या शहराने दाखवून दिले.

आपण काय करतो? रमजानमध्ये इफ्तार पार्टी, त्यात पाहुण्यांना टोपी, दुसऱ्या दिवशी पेपरात 'सलोख्याचे दर्शन'. मग वर्षभर सलाम ना दुआ. याला सहकार्य म्हणत नाहीत, याला मेजवानी म्हणतात.

जाळे विणायला नवी संस्था नको. संस्था उदंड आहेत, आणि नवी काढली की नवा अध्यक्ष आलाच. शाळा व्यवस्थापन समिती कायद्यानेच आहे. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात. बहुतेक ठिकाणी ती सह्यांपुरती उरते. तिला जागे करा. आठवीच्या मुलींची एकच यादी करा आणि कामे वाटून घ्या. शेजारच्या मराठी शाळेतील गुरुजींनी सुट्टीत मराठी शिकवावी. बचत गटाच्या ताईंनी आईशी बोलावे. एसटीच्या पासासाठी कोणीतरी डेपोत खेपा घालाव्यात. इमामसाहेबांनी जुम्याच्या बयानात पाच मिनिटे द्यावीत. ट्रस्टने जकातीतून गरजू घराला हात द्यावा. कुणाचा फलक लागणार नाही, हे मात्र आधीच ठरवा.

इथेच गाडी अडते. पैसा आहे, माणसे आहेत, नियतही वाईट नाही. फक्त दुसऱ्याच्या नावाखाली काम करायची तयारी नाही.

पुढच्या जूनमध्ये वह्या जरूर वाटा. पण मंडप बांधण्याआधी तिन्ही ट्रस्टींनी एका सतरंजीवर बसून एकच प्रश्न विचारावा: यंदा नववीत कोण आली नाही? त्या मुलीचे नाव कोणालाच सांगता आले नाही, तर मंडपाचे पैसे वाचवा.